ट्यूब, ट्यूबमध्ये सीलंट की सरळ ट्यूबलेस? सोलापूरकर एमटीबीवाल्यांसाठी

सोलापुरात एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतलेल्या माणसाला महिनाभरात दोन गोष्टी कळतात. सायकलचे निम्मे गिअर इथल्या सपाटीवर लागतच नाहीत, आणि पंक्चर काढणारा मात्र सारखा लागतो. डांबरावरून अक्कलकोट गाठणाऱ्याला त्याची फारशी झळ बसत नाही. पण हिप्परग्याच्या तलावाकडची मातीची वाट, नान्नजच्या बाजूचे माळ, कालव्याकडेचा रस्ता असली हौस असेल, तर सराटा आणि बाभूळ तुमची वाटच बघत असतात. मग कुणीतरी सांगतं, "ट्यूबलेस करून टाका, कटकट मिटेल." मिटते, हे खरं. पण सगळ्यांची नाही आणि फुकट तर नाहीच.

परदेशी व्हिडिओंमध्ये ट्यूबलेसची जी कौतुकं सांगतात, त्यातली निम्मी आपल्या कामाची नाहीत, हे आधी सांगतो. वजन कमी होतं म्हणतात. २९ इंची चाकाची साधी ब्युटाइल ट्यूब साधारण २०० ग्रॅमची. ती काढून तुम्ही शंभरेक ग्रॅम सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, शिवाय रिमची भोकं झाकणारी टेप आणि वॉल्व्ह घालता. म्हणजे एका चाकामागे शंभर ग्रॅमही वाचत नाहीत. शेंगदाणा चटणीचं छोटं पाकीट खिशात टाकलं की हिशेब बरोबर. खडकाळ उतारावर पकड वाढते हेही खरं, पण तसे उतार आपल्याकडे शोधायला लागतात. इथे ट्यूबलेस करायचं कारण एकच: काटे.

काटा घुसल्यावर काय होतं

सराट्याचा काटा लहान असतो. तो पाचसहा मिलिमीटर आत जातो आणि ट्यूबला सुईएवढं भोक पाडतो. असे काटे एकट्याने येत नाहीत. वाळलेल्या सराट्याच्या पट्ट्यातून दहा फूट गेलात की टायरला ओळीने चिकटलेले दिसतात. ट्यूब असेल तर त्यातला एकेक काटा म्हणजे एकेक पंक्चर. तुम्ही एक भोक शोधता, पॅच लावता, हवा भरता आणि दोन किलोमीटरवर पुन्हा खाली उतरता. टायरच्या आतून बोट फिरवताना दुसऱ्या काट्याचं टोक निसटलेलं असतं.

ट्यूबलेसमध्ये तोच काटा टायर भेदून आत येतो, पण फोडायला तिथे ट्यूबच नसते. आत फिरणारं पातळ सीलंट, म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये लॅटेक्स आणि त्यात बारीक कण, हवेबरोबर भोकाकडे ओढलं जातं आणि तिथे गोठून बूच बनतं. काटा रुतलेला असेपर्यंत तर भोक त्याच्यानेच बंद असतं. म्हणून वाटेत तो उपसायची घाई करू नका. घरी आल्यावर चाक फिरवून काटा खालच्या बाजूला आणा, म्हणजे सीलंट तिथे जमा होईल, आणि मग पकडीने ओढा. सुर्र आवाज येतो, पांढरा थेंब बाहेर पडतो, चाक दोनतीन वेळा फिरवलं की आवाज थांबतो. बाभळीचा दोन इंची काटासुद्धा टायरच्या मधल्या भागात घुसला असेल तर बहुधा असाच जिरतो.

दुसरा फायदा दाबाचा. ट्यूब असताना हवा कमी ठेवली की दगडावर आपटून ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. त्या भीतीने आपण चाक दगडासारखं टणक ठेवतो. २.२५ इंची टायर आणि सत्तर किलोचा माणूस धरला, तर ट्यूबवर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावा लागतो. ट्यूबलेसवर २२ ते २६ मध्ये काम भागतं. नांगरटीच्या कडेच्या वाटेवर मनगटांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

स्कूटरला चालतं, मग सायकलला एवढा खटाटोप का

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो रास्त आहे. स्कूटरचा टायर जाड असतो, त्याच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा रबराचा थर असतो, आणि अलॉय चाकाच्या रिमला आऱ्यांची भोकं नसतात. म्हणून तिथे ना टेप लागते ना सीलंट. सायकलचा टायर पातळ आणि रिमला बत्तीस भोकं. १९९९ मध्ये चाकं बनवणाऱ्या मॅविकने हचिन्सन आणि मिशलिन या टायर कंपन्यांना सोबत घेऊन यूएसटी ही पद्धत आणली, तेव्हा रिमची आतली बाजू सलग ठेवून आणि टायर हवाबंद करून हे सोडवलं होतं. चांगलं होतं, पण जड आणि महाग. आज आपण करतो तो सुटसुटीत मार्ग आहे: भोकांवर टेप, टायरच्या सूक्ष्म छिद्रांसाठी सीलंट. स्वस्त पडतं, पण सीलंट संपलं की सगळंच संपलं.

तुमचं चाक काय म्हणतंय

ट्यूब की ट्यूबलेस, हे निम्म्याहून अधिक वेळा आपण ठरवत नाही, रिम ठरवते. एक चाक काढा, टायर उतरवा, रिमची पट्टी बाजूला करा आणि आत बघा. आऱ्यांच्या निपलची, म्हणजे आरी रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांची, डोकी समोरच्या पत्र्यावरच बसलेली दिसली तर रिम एकेरी भिंतीची आहे. तिथेच थांबा. तिच्यावर टेप धड बसत नाही आणि टायरची कड धरून ठेवणारा आकारही नसतो. निपल भोकात खोल, दुसऱ्या पत्र्यावर दिसली तर रिम दुहेरी आहे, पुढचा विचार करता येईल. रिमवर 'ट्यूबलेस रेडी', 'टीएलआर' किंवा 'टीसीएस' असं काही छापलेलं असेल तर उत्तमच.

टायरचंही तसंच. सायकलबरोबर आलेला स्वस्त टायर बहुधा तारेच्या कडेचा असतो आणि ट्यूबलेससाठी बनवलेला नसतो. तोच वापरून, ट्यूब उभी चिरून रिमवर अंथरून जुगाड करणारे लोक आहेत, आणि त्यातल्या काहींचं चालतंही. माझं मत स्पष्ट आहे: पुढच्या चाकाला हा प्रयोग नको. वळणावर टायरची कड रिमवरून सुटली तर हवा एका क्षणात जाते आणि पुढचं चाक तुम्हाला सावरायला वेळ देत नाही.

म्हणजे खर्च कुठे आहे ते कळलं असेल. टेप, वॉल्व्ह आणि सीलंट मिळूनही जेवढे होत नाहीत, त्याहून जास्त पैसे ट्यूबलेस रेडी टायरच्या जोडीला जातात. तुमचे टायर तसेही झिजले असतील तर हीच वेळ. नवेकोरे असतील तर ते संपेपर्यंत कळ काढायला हरकत नाही.

मधला रस्ता

कळ काढेपर्यंत काय? ट्यूबमध्येच सीलंट. देशी एमटीबीच्या ट्यूबला बहुतेक वेळा मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असतो. त्याची पिन पंक्चरवाल्याकडच्या चावीने निघते. तिथून ट्यूबसाठीचं सीलंट आत सोडायचं, पिन लावायची, हवा भरायची, चाक फिरवायचं. टायर उतरवायचा नाही, टेप नाही, काही नाही. सराट्याच्या भोकांना हे पुरून उरतं. दोन उणिवा आहेत. चिमटून पडलेल्या दोन चिरा याने भरत नाहीत, त्यामुळे दाब कमी ठेवता येत नाही. आणि एकदा का ट्यूबला पॅच लावायची वेळ आली, की आतून पाझरणाऱ्या ओल्या सीलंटमुळे सोल्युशन धरत नाही. ती ट्यूब फेकायचीच.

जाड ट्यूब आणि टायरच्या आत घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हेही पर्याय दुकानदार सुचवतात. चाक जड होतं आणि पट्टीची कड कालांतराने ट्यूबलाच घासते. मी सुचवणार नाही.

बसवताना

घरी जमतं, पण पायपंपाने टायर बसेल या आशेवर राहू नका. अर्धं यश टेपमध्ये आहे. रिम स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा तीनचार मिलिमीटर रुंद हवी. वॉल्व्हच्या भोकाच्या अलीकडून सुरू करून, ओढून ताणत, एक फेरी पूर्ण करून भोकाच्या पलीकडे वीतभर जास्त घ्या. बुडबुडा राहिला तर अंगठ्याने दाबत बाहेर काढा. वॉल्व्हसाठी तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडा, ब्लेडने फुली मारलीत तर टेप तिथूनच फाटत जाते. वॉल्व्हची चकती हातानेच आवळा. पकडीने आवळलेली चकती माळावर ट्यूब घालायच्या वेळी बोटांनी सुटत नाही.

मग टायर चढवा, कडांना साबणाचं पाणी लावा, वॉल्व्हची पिन काढा आणि चाक घेऊन कॉम्प्रेसर असलेल्या पंक्चरवाल्याकडे जा. सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत असे भरपूर आहेत. "मालक, ट्यूब कुठाय ह्यात?" हा प्रश्न येणारच. जाड वॉल्व्ह घेतला असेल तर त्याची नळी सरळ बसते. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर लागतो आणि पिन आत ठेवूनच हवा सोडावी लागते, त्यामुळे झोत कमी पडतो. पंक्चरवाल्याच्या भरवशावर राहणाऱ्याने म्हणून, रिमचं भोक मोठं असेल तर जाड वॉल्व्हच घ्यावा. हवेचा एकदम झोत गेला की टायरच्या कडा 'फट्, फट्' आवाज करत रिममध्ये बसतात. टायरवर छापलेल्या कमाल दाबापुढे मात्र जाऊ देऊ नका, मोटारसायकलच्या सवयीने त्यांचा हात सैल असतो. कडा बसल्या की हवा सोडा, सिरिंजने वॉल्व्हमधून सीलंट घाला, पुन्हा हवा भरा, चाक हलवा, दोन्ही बाजूंवर आडवं ठेवा आणि तासभर चालवून आणा.

रस्त्यात अडकलात तर

इथे ट्यूब जिंकते. कुंभारी असो की बाळे, ट्यूबचं पंक्चर काढणारा कुठेही भेटतो. सायकलच्या ट्यूबलेसला हात लावणारा भेटत नाही, आणि भेटला तर तो स्कूटरची जाड पट्टी आणि टोच्या काढतो. थांबवा त्याला. त्या टोच्याने सायकलच्या पातळ टायरचं भोक दुप्पट होतं. सायकलसाठीच्या बारीक पट्ट्या स्वतःजवळ ठेवा.

टायरची बाजू दगडाने किंवा पत्र्याने फाटली तर सीलंट काही करू शकत नाही, ट्यूब घालावी लागते. आणि इथेच एक गोष्ट आहे जी व्हिडिओत सहसा कुणी सांगत नाही. महिनोन्महिने ट्यूबलेस चालवलेल्या टायरमध्ये सराट्याची टोकं आत डोकावत बसलेली असतात, तुम्हाला पत्ताही नसतो. तशा टायरमध्ये नवी ट्यूब घालून हवा भरलीत की ती तिथेच फुसकन बसते. ट्यूब घालण्याआधी टायर आतून पुसून, एकेक टोक पकडीने उपटून काढायचं. सीलंटने हात बरबटतात, ऊन असतं, वेळ लागतो. ट्यूबलेस केलं म्हणून जादा ट्यूब, पंप आणि छोटी पकड घरी ठेवणारा माणूस कधी ना कधी सायकल ढकलत येतो.

आपला उन्हाळा

सीलंटच्या बाटलीवर दोन ते सहा महिने टिकेल असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते आपल्या मे महिन्यासाठी नाही. पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या सायकलीचं सीलंट लवकर आटतं. मार्च ते जून दर दीड-दोन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवायचं. खळखळ ऐकू आली नाही तर वॉल्व्हमधून पन्नासेक मिली घालायचं. दाबही बदलतो: पहाटे २५ पीएसआय भरून सायकल उन्हात ठेवली आणि टायर तीस अंशांनी तापला, तर चारेक पीएसआय आपोआप वाढतात. ट्यूबलाही हे होतं, फक्त कमी दाबावर चालवताना ते जास्त जाणवतं.

म्हणून सायकल वर्षातले आठ महिने गच्चीवर उभी असेल, तर ट्यूबलेसच्या वाटेला जाऊ नका. सीलंट खाली एका जागी साचून वाळेल आणि टायरमध्ये रबराचा गोळा सापडेल. ट्यूब बिचारी हवा सोडून पडून राहते, तक्रार करत नाही. शहरातल्या शहरात, विजापूर नाक्यापासून ऑफिसपर्यंत जाणाऱ्यालाही ट्यूबमधलं सीलंट पुरतं. आठवड्यातून दोनतीनदा माळावर जाणारा, दुहेरी रिमवाला आणि टायर बदलायला आलेला माणूस असेल, त्याने मात्र करावं. पैसे एकदम काढवत नसतील तर आधी मागचं चाक. वजन तिथे जास्त पडतं आणि पंक्चरही तिथेच जास्त होतात. पुढच्यात तोवर सीलंट घातलेली ट्यूब चालू द्या.

मुहूर्त म्हणाल तर दसऱ्याच्या आधी. पावसाळ्यात सराटा हिरवा पसरलेला असतो, पाऊस सरला की वाळून टणक होतो, आणि नेमकी तेव्हाच आपली फिरायची थंडी सुरू होते. सीलंट घेताना बाटलीवरची उत्पादनाची तारीख वाचा. दुकानाच्या काचेत अख्खा उन्हाळा उभी राहिलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.