कोकणातले जुने घर: कौले ठेवावीत की पत्रा घालावा?

वैशाखात शाकारणीसाठी छपरावर चढलेला सुतार खाली उतरून, हात झटकत, "आढे धड आहे, पण मागच्या पडवीचे वासे गेले" असे सांगतो, तेव्हा घरमालकाला आयुष्यात बहुधा एकदाच घ्यायचा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो. सगळी कौले उतरवून रंगीत पत्रा घालायचा, की खराब लाकूड तेवढे बदलून कौलेच परत चढवायची? गावातला प्रत्येक जण आपापल्या घरावर जे आहे त्याचीच शिफारस करतो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर छपरापेक्षा घरात कोण राहते यावर अधिक अवलंबून आहे. पावसाच्या चार महिन्यांत घरात माणूस असेल तर एक उत्तर, घर कुलूपबंद असेल तर दुसरे.

आधी कौलांविषयी. आज आपण ज्यांना सरसकट मंगलोरी कौले म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये काढला. त्याआधी कोकणात नळीची कौले होती. ती एकमेकांवर नुसती ठेवलेली असल्यामुळे वाऱ्याने, मांजराने, उंदराने सरकत आणि दर वर्षी संपूर्ण छप्पर नव्याने शाकारावे लागे. मंगलोरी कौलाला खाचा असतात, त्या एकमेकींत बसतात आणि खालची नाकी रिपेला, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्टीला, अडकते. त्यामुळे कौले सहसा सरकत नाहीत आणि वार्षिक काम फुटकी कौले बदलणे, साचलेला पालापाचोळा काढणे आणि कोन्यांच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांच्या, फटी बुजवणे एवढ्यावर येते. घरात माणूस असेल तर हे काम खरोखरच किरकोळ आहे. गळती लागली की आतून काठीने कौल जरा उचलायचे, थेंब कुठून येतो ते पाहायचे आणि पाऊस उघडला की एक कौल बदलायचे. ज्या छपराची दुरुस्ती एका कौलाच्या किमतीत होते, त्याला महागडे म्हणता येणार नाही.

पण घरात माणूस नसेल, तर हेच छप्पर सगळ्यात महाग पडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडांनी आणि वानरांनी कौलांवर उड्या मारणे ही आता रोजची बाब झाली आहे, आणि घरावर झुकलेला माड असेल तर एक नारळ दोन-तीन कौले सहज फोडतो. आमच्या घरी एका वर्षी जूनमध्ये माजघरावरचे एकच कौल फुटले असावे. आम्ही गणपतीला गेलो आणि दार उघडले तेव्हा भिंतीवर वरपासून जमिनीपर्यंत तपकिरी रंगाचा हातभर रुंद ओघळ दिसला. जमिनीला पोपडे आले होते आणि वर पाहिले तर वाशावर मातीच्या बारीक नळ्या चढल्या होत्या, म्हणजे वाळवी लागली होती. कौल बदलायला दहा मिनिटे लागली, पण तो वासा आणि त्याच्या शेजारचे दोन वासे बदलण्यात पुढची मे महिन्याची सुटी गेली. पूर्वी घरात चूल पेटत असे, तिचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाताना लाकडाला काजळीचा थर देई आणि कीड दूर राही. बंद घराच्या लाकडाला तेही संरक्षण उरलेले नाही.

आता पत्रा. सिमेंटचा पत्रा मी या तुलनेत धरतच नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असते, ते कापताना किंवा भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो, हे आता वादातीत आहे. शिवाय तो नारळाच्या घावाने फुटतो. खरी निवड आहे ती रंगीत पत्र्याची, म्हणजे ॲल्युमिनिअम आणि जस्ताचा मुलामा देऊन वर रंगवलेल्या पोलादी पत्र्याची. दुकानात रंग आधी दाखवतात, पण विचारायच्या गोष्टी दोनच असतात: जाडी आणि मुलाम्याचे वजन. जाडी ०.५ मिलिमीटर आणि मुलामा चौरस मीटरला १५० ग्रॅम असलेला माल बिलावर तसा लिहून घ्यावा, कारण ०.३५ आणि ०.५ मधला फरक नुसत्या हाताला चटकन कळत नाही.

खाऱ्या वाऱ्यात पत्रा मधून गंजत नाही. तो कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोवती गंजू लागतो. ग्राइंडरने कापलेल्या पत्र्यावर लोखंडाचा कीस तसाच पडून राहिला, तर पहिल्या पावसातच त्याचे तांबडे ठिपके दिसतात. म्हणून पत्रे शक्यतो लांबीप्रमाणे कारखान्यातूनच कापून आणावेत आणि काम संपल्यावर छप्पर झाडून घ्यायला सांगावे. स्क्रूखालचा रबरी वॉशर हा या छपराचा खरा दुबळा भाग आहे. स्क्रू जास्त आवळला तर वॉशर फाटतो, कमी आवळला तर पाणी शिरते, आणि काही वर्षांनी उन्हाने रबर कडक होऊन तडकतेच. पत्र्याला देखभाल लागत नाही असे जे सांगितले जाते, ते वॉशर तडकेपर्यंतच खरे असते. पत्र्यावरची गळती शोधणेही अवघड असते, कारण पाणी एका स्क्रूतून शिरून पन्हळीच्या खालून वाहत दहा फुटांवर टपकते.

राहण्याच्या सुखाची तुलना फार लांबवण्याचे कारण नाही, कारण तिथे कौले सरळ जिंकतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो. कौलांखाली तीच हवा फटींतून वर निघून जाते. आषाढातल्या पावसात पत्र्याखाली शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. थंडीच्या पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि अंथरुणावर थेंब पडतात, तेव्हा छप्पर गळते आहे अशी अनेकांची समजूत होते. खाली फळ्यांचे किंवा पीव्हीसीचे छत लावून हे बरेच कमी होते, पण मग पत्र्याचा स्वस्तपणाही तेवढाच कमी होतो. स्वयंपाकघरात काचेच्या दोन कौलांतून दिवसभर जो उजेड येतो, त्याला पत्र्यात पारदर्शक फायबरचा तुकडा हा पर्याय आहे, पण तो काही वर्षांत पिवळा पडतो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले आणि ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली हजारो घरे उघडी पडली. मे २०२१ मध्ये तौक्ते दक्षिण कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वाऱ्यात छपरावर वरच्या बाजूने ओढ बसते आणि ती कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असते. कौलांची वळचणीची आणि कोन्यांची रांग उडते, पण मधली कौले आपल्या वजनाने आणि फटींमुळे बरीचशी जागेवर राहतात. पत्रा नीट बांधलेला असेल तर काहीच होत नाही, पण बांधणी कच्ची असेल तर आख्खा पत्रा, कधी खालच्या पाइपांसकट, उचलला जातो आणि तो शेजारच्या अंगणात काय करील याचा भरवसा नसतो. म्हणून पत्रा घालणाऱ्याने वळचणीला स्क्रू दाट मारावेत आणि लोखंडी सांगाडा भिंतीत खोलवर गाडलेल्या पट्ट्यांनी बांधावा. कौले ठेवणाऱ्याने वळचणीच्या दोन रांगा तारेने रिपेला बांधाव्यात.

भिंतीला बांधणे ही अट मी आवर्जून सांगतो, कारण वजनाचा हिशेब इथे उलटतो. १०० चौरस मीटरच्या छपराला सुमारे १५०० कौले लागतात आणि एक कौल दोन ते तीन किलोचे, म्हणजे साडेतीन-चार टन ओझे जांभ्याच्या भिंतींवर कायम दाबून असते. त्याच छपराचा पत्रा अर्ध्या टनाच्या आत येतो. भिंती जीर्ण असतील, विशेषतः मातीच्या असतील, तर हे ओझे उतरणे चांगलेच. पण छप्पर हलके झाले की ते केवळ आपल्या वजनाने जागेवर बसत नाही.

खर्चाचे आकडे गावागणिक आणि वाहतुकीगणिक बदलतात, म्हणून क्रम तेवढा सांगतो. लाकूड धड असेल तर कौले परत चढवणे सर्वांत स्वस्त. लाकूड गेले असेल तर लोखंडी पाइपांवर पत्रा घालणे त्याहून महाग, आणि नवे लाकूड घेऊन त्यावर नवी कौले सर्वांत महाग. लोखंडी पाइपांवर जुनीच कौले चढवणे हा मधला मार्ग आहे आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण वाळवीचा प्रश्न सुटतो आणि घर थंड राहते. एक अडचण मात्र आधीच पाहून ठेवावी. मंगळूरकडचे बरेच जुने कारखाने बंद पडले आहेत आणि एका साच्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. कौल उलटे करून मागे उमटवलेले कारखान्याचे नाव वाचावे आणि त्याच नावाची शंभरेक कौले, गावात कोणी पत्रा घालत असेल त्याच्याकडून घेऊन, गोठ्यात रचून ठेवावीत. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज येईल तीच घ्यावीत, बद्द वाजणारी नकोत. छपरावर न फोडता चालणारा माणूस मिळणे हे कौलांपेक्षाही दुर्मीळ होत चालले आहे, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

घर बंद राहणाऱ्यांपैकी काही जण खाली पत्रा आणि वर कौले असे दुहेरी छप्पर करतात. एखादे कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वळचणीला जाते आणि ऊन कौले झेलतात. कल्पना उत्तम आहे, पण आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर उतरणारे पाणी प्रत्येक रिपेपाशी अडते, पाने कुजतात आणि पत्रा तिथेच गंजतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा, हा क्रम सुताराला कागदावर काढून दाखवावा. एवढा खर्च झेपत नसेल आणि घर वर्षातून दोनदाच उघडत असेल, तर सरळ पत्रा घालावा, त्यात कमीपणा मानू नये. घरात आई-वडील किंवा कोणी कायम राहत असेल, तर ओटी आणि माजघरावरची कौले काढू नयेत. मागच्या पडवीचा उतार बहुधा कमी असतो, तिथे कौलांखाली पाणी मागे चढते, म्हणून तेवढ्या भागावर पत्रा घालायला हरकत नाही.

पागोळ्यांचे पाणी साठवायचे किंवा सौर पॅनेल बसवायचे असतील तर पत्रा सोयीचा आहे, पण त्यासाठी गोठ्याचे किंवा पडवीचे छप्परही पुरते. निर्णय कोणताही असो, सुताराला किंवा फॅब्रिकेटरला माघातच बोलवावे. मे उजाडला की सगळे चाकरमानी एकाच माणसाला फोन करत असतात, आणि ७ जूनच्या सुमारास छप्पर अर्धे उघडे असलेल्या घरावर ताडपत्री ओढण्यासारखे काम नाही.