जुनी बुलेट-येझदी ट्रायल्ससाठी: नुसते शॉकअप बदलायचे, चिमटा कापायचा की सरळ मोनोशॉक?

जुन्या गाडीची ट्रायल्स बाईक करायची म्हटलं की आपल्याकडे आधी टाकी छोटी होते, मग मडगार्ड उडतं, सायलेन्सर वर जातो, फोटो वगैरे काढून होतात, आणि मग एकदा बदलापूरच्या पुढे कुठल्यातरी ओढ्यात गाडी नेली की कळतं मागचं चाक दगडावर टिकतच नाहीये, नुसतं टणाटण उडतंय. मग प्रत्येकजण वेगळा सल्ला देतो. एक म्हणतो महागडे गॅसवाले शॉकअप टाक, दुसरा म्हणतो चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) लांब कर, तिसरा मोनोशॉकच्या, म्हणजे दोनाऐवजी मध्ये एकच शॉकअप बसवायच्या गोष्टी करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायला नको: पैसे बुश (चिमट्याच्या सांध्यातल्या धातूच्या नळ्या) आणि डॅम्पिंगवर (शॉकअपमधलं तेल स्प्रिंगची उसळी आवरतं त्यावर) घाला, कापाकापी करायचीच असेल तर ती चिमट्यावर करा कारण तो चार नटबोल्ट काढून बदलता येतो, आणि फ्रेमला वेल्डिंगची काडी लावू देऊ नका.

आता एक लक्षात घ्या, ट्रायल्स म्हणजे रेस नाही. चालण्याच्या स्पीडने, फुटरेस्टवर उभं राहून दगडधोंड्यातून जायचं, पाय एकदा टेकला 1 पॉइंट, दोनदा 2, त्याहून जास्त कितीही वेळा 3, आणि गाडी थांबली किंवा पडली तर 5, ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. म्हणजे मागच्या सस्पेन्शनचं काम आराम देणं नाही, मोठ्या उड्या झेलणं तर अजिबात नाही, टायर दगडाला चिकटून ठेवणं एवढंच. गंमत म्हणजे 1948 मध्ये रॉयल एनफिल्डने इंग्लंडच्या कोलमोर कप ट्रायलला स्विंगआर्मवाली प्रोटोटाइप बुलेट उतरवली तेव्हा बाकीच्या ट्रायल्स गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसायचं आणि कडक मागच्या चाकालाच ग्रिप चांगली असं लोक ठामपणे मानायचे. पुढे जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 ला स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल बुलेटवरच जिंकली. त्यामुळे आपली बुलेट ट्रायल्सला चालत नाही असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या, जड आहे हे मात्र खरं.

पहिला पर्याय, जॉमेट्रीला (माउंटच्या जागा आणि कोनांना) हात न लावता बुश आणि शॉकअप. हा लोकांना बोअर वाटतो पण अर्ध्याहून जास्त गाड्यांचा प्रॉब्लेम इथेच असतो. गाडी मेन स्टँडवर लावा, मागच्या चाकाजवळ चिमटा धरून आडवा हलवा, कट्कट् जाणवलं तर वर कितीही भारी शॉकअप लावा उपयोग शून्य, दगडावरून उतरताना मागचं चाक स्वतःची लाइन स्वतः ठरवणार. साकीनाक्याला किंवा कुर्ल्याला लेथवाले पडलेत, गनमेटलचे बुश करून देतात, फक्त समोर उभं राहून करून घ्या. बुश आत ठोकला की थोडा आवळतो, म्हणून बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवून मग शाफ्ट घालायचा, तो तेलाचं बोट लावून हाताने सरकला पाहिजे आणि तरी आडवा हलता कामा नये. जो आधीच मोकळा बुश करून हातोडीच्या एका टोल्यात बसवतो त्याच्याकडून पुढच्या पावसाळ्यात परत कट्कट् घेऊन याल.

मग शॉकअप. रोडच्या गाडीचे शॉकअप दोघं बसणार, खड्डे येणार, शिवाय सामान असणार असं धरून बनवलेले असतात, म्हणजे स्प्रिंग कडक. तुम्ही एकटे, उभे, पाच किलोमीटरच्या स्पीडने. परदेशात ट्विनशॉक क्लासमध्ये (मागे दोन शॉकअपवाल्या जुन्या गाड्यांच्या गटात) हलक्या गाड्यांना इंचाला 40 ते 60 पौंडांचे स्प्रिंग चालतात, बुलेटला अर्थातच त्याहून कडक लागणार. ढोबळ हिशोब असा, गाडीवर उभं राहिलात की मागचं चाक एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश खाली बसलं पाहिजे, त्याहून कमी बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. आणि रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडतानाचं डॅम्पिंग) फार जाड ठेवू नका, नाहीतर एका दगडानंतर दुसरा आला की चाक परत खाली यायच्या आत पुढचा धक्का बसतो आणि गाडी हळूहळू खालीच दबत जाते. फार पातळ केलं तर पायरीवर मागून लाथ मारल्यासारखी उडते. म्हणून उघडून तेल बदलता येणारे शॉकअप घ्या, दिसायला साधे असले तरी चालतील. गॅसचा सोनेरी डबा लटकलेले हायवेचे शॉकअप या कामाला नकोत.

याच पर्यायात एक फुकटचा फायदा आहे. शॉकअप थोडे लांब घेतले आणि मागून गाडी 25 मिमी वर आली तर 1370 मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या अॅक्सलमधलं अंतर) बुलेटचा पुढचा फोर्क साधारण एक डिग्री उभा होतो, हँडल पटकन वळतं, खालून क्लिअरन्सही वाढतो. फक्त चेन बघा. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट (ज्या शाफ्टवर तो फिरतो) आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात टाइट असते, ढिलाई त्या पोझिशनला ठेवायची, स्टँडवर लटकत्या चाकाला नाही.

दुसरा पर्याय, चिमट्यावरचा शॉकअपचा खालचा माउंट पुढे सरकवणं. हा मला मनापासून आवडतो कारण यात आकडे आधी कागदावर मांडता येतात. समजा पिव्होटपासून अॅक्सल 480 मिमी आणि खालचा माउंट 440 वर आहे, तो 380 वर आणला. तोच स्प्रिंग, पण चाकाला तो 25 टक्क्यांनी मऊ लागतो, कारण लिव्हरचा हिशोब वर्गात जातो, म्हणजे 380/440 चा वर्ग. शॉकअपचा स्ट्रोक 80 मिमी असेल तर चाकाचा ट्रॅव्हल 87 वरून 101 मिमी होतो. म्हणजे नवीन स्प्रिंग न घेता गाडी मऊ आणि ट्रॅव्हल पण जास्त. पण डॅम्पिंगही त्याच हिशोबात कमी होतं हे लोक विसरतात आणि मग म्हणतात गाडी झोपाळ्यासारखी हलते. आणि हौसेपोटी शॉकअप एकदम झोपवू नका, फार झोपवला की चाक वर जाताना लिव्हर उलट बिघडत जातो, ज्या क्षणी कडक व्हायला हवा तेव्हाच मऊ पडतो आणि ठाककन बॉटम होतो. सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसवाल्यांनी शॉकअप पुढे आणून झोपवले ते त्यांना लांब ट्रॅव्हल हवा होता म्हणून, आपल्याला चार-साडेचार इंच बास. वेल्डिंग आर्गनवर करून घ्या, एक्स्ट्रा चिमटा ऑपेरा हाऊसला किंवा चोर बाजारात शोधा आणि ओरिजिनल गुंडाळून माळ्यावर ठेवा.

तिसरा, चिमटा लांब करणं. बुलेटला नको, विषय संपला. 1370 आधीच ट्रायल्ससाठी लांब आहे, ट्रायल्सच्या गाड्या 1300 च्या आसपास असतात, अजून 40 मिमी वाढवलंत तर दोन झाडांमधून वळताना पाय टेकणारच. हां, आरएक्स 100 सारखी छोटी गाडी घेतली असेल आणि चढावर पुढचं चाक सारखं आकाशात जात असेल तर 30-40 मिमी ठीक आहे, मागून थोडी मऊही होते. पण व्हीलबेस आरसी बुकात छापलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाला धक्का देणाऱ्या बदलाला परवानगी देत नाही, त्यामुळे ओढ्यापर्यंत ती गाडी चालवत न्यायची असेल तर विचार करा. टेम्पोत टाकून नेणार असाल तर तुमची मर्जी.

मोनोशॉक म्हणजे फ्रेमची मधली नळी कापायची, वर क्रॉस मेंबर टाकायचा, बॅटरी आणि एअर फिल्टरला नवीन जागा शोधायची, आणि हे सगळं करून मिळणार काय तर ट्विनशॉक क्लासमधून हकालपट्टी, कारण तिकडच्या नियमांत मागे दोन शॉकअप हीच तर अट आहे. यामाहाने 1973 ला मोनोशॉक मोटोक्रॉसमध्ये आणला तो पूर्ण फ्रेम त्यासाठी डिझाइन करून, आपल्या गल्लीत ग्राइंडर घेऊन नाही. शिवाय गाडी 50 वर्षांच्या वरची असेल तर 2021 च्या व्हिंटेज नियमांत व्हीए (व्हिंटेज गाड्यांची खास सीरिज) नंबर मिळायला चेसिस मूळ स्वरूपातच लागते. येझदी-जावाच्या जुन्या फ्रेमा आता मिळतात कुठे, त्या कापायला हात कसा धजावतो कळत नाही मला.

मग निवडायचं कसं? रोजची रोडवर चालणारी बुलेट आणि कधीमधी रविवारी दगडात, तर फक्त बुश, थोडे लांब मऊ शॉकअप, पुढे काही नको. वेगळी ट्रायल्ससाठीच ठेवलेली गाडी असेल तर आधी तेच करा, एक पावसाळा चालवा, तरी मागून कडक वाटली तरच दुसऱ्या चिमट्यावर माउंट सरकवा. दोन्ही एकदम केलंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आणि हो, टायर. ट्रायल्सचा 4.00-18 टायर मागे 4 ते 6 पीएसआयवर चालवतात, रिम लॉक (टायर रिमवर घसरू न देणारा क्लॅम्प) लावून, म्हणजे निम्मं सस्पेन्शन टायरच करतो. जुन्या बुलेटला मागे 19 ची रिम असते त्यामुळे 18 ची रिम बांधून घ्यावी लागेल, आणि रोडचा टायर एवढ्या हवेवर चालवला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. शॉकअपची ऑर्डर द्यायच्या आधी टायर-रिमचं ठरवा, कारण मागची उंची त्यानेही बदलते आणि मग शॉकअपची लांबी परत मोजावी लागते.