शेजाऱ्याच्या रानातून पाइपलाइन न्यायचीय: स्टँप, तहसीलदार की कोर्ट?

विहीर आपली, रान आपलं, मधे फक्त एक गट दुसऱ्याचा, आणि तो म्हणतो माझ्या रानात जेसीबी घालायचा नाही. गावोगावी हेच भांडण. मार्ग तीन-चार आहेत पण लोक सगळे एकाच मापानं मोजतात.

स्टँप पेपर आणि नोटरी सगळ्यात स्वस्त, एका दिवसात काम होतं. पण उद्या शेजाऱ्यानं रान विकलं की नवा मालक म्हणणार, मला विचारून टाकली का, उचला पाइप. आणि तो फार चुकीचा पण नाही, कारण नुसती परवानगी ही १८८२ च्या इझमेंट ॲक्टच्या (दुसऱ्याच्या जमिनीतून वापराच्या हक्काचा कायदा) कलम ५९ प्रमाणे जमीन घेणाऱ्यावर बंधनकारक नसते. तोच करार दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा, दोन्ही गट नंबर, पाइप कुठून कुठं जाते त्याचा नकाशा आणि "कायमचा हक्क दिला" असे स्पष्ट शब्द घाला, मग वजन येतं. सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या हां, एकट्या थोरल्या भावाची सही घेऊन परत आलेले बरेच बघितलेत.

शेजारी ऐकतच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४९, तहसीलदाराकडे अर्ज. माझ्या मते नवीन लाइनसाठी हाच खरा रस्ता. शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून, चौकशी करून, शेतीला पाणी न्यायची खरंच गरज दिसली तर तहसीलदार आदेश देतात. पण अटी असतात: रानाचं कमीत कमी नुकसान, शक्य तितकं कमी अंतर, पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर, चर बुजवून रान पहिल्यासारखं करून देणं, वर नुकसानभरपाई आणि वार्षिक भाडं. अर्धा मीटर कायद्यापुरता ठीक, पण सबसॉयलर (खोलवर जमीन फोडणारं अवजार) मारणारा शेजारी असेल तर तीन फूट खालीच घाला, आणि पाइपमधली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह बांधावर काढा, मधोमध काढलात तर पहिल्या नांगरटीतच तुटणार. तारखांवर तारखा पडतात ते सोसायला लागतं. आणि हे फक्त शेतीच्या पाण्यासाठी, प्लॉटमधली नळाची किंवा सांडपाण्याची लाइन यात बसत नाही.

पाइप आधीपासून आहे आणि शेजाऱ्यानं तोडली किंवा पाणी अडवलं, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टखाली दावा करता येतो, तोही तहसीलदारापुढेच. मुदत ६ महिने. "बघू, समजूत काढू" करत हे ६ महिने घालवणारेच जास्त! तुटल्या दिवशी फोटो काढा आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

राहिला दिवाणी दावा. २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्कानं पाइप वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो, पण समोरच्या वकिलानं जुना परवानगीचा कागद काढला की ती वर्षं धरत नाहीत, कारण परवानगीनं वापरलं म्हणजे हक्कानं वापरलं असं होत नाही. स्टे लवकर मिळू शकतो, निकाल मात्र नाही. घरगुती लाइन असेल किंवा लाइन खूप जुनी असेल तरच हा मार्ग धरा.

थोडक्यात शेजारी निदान बोलतोय तोवर रजिस्टर करार, भाड्याचे पैसे रोख नकोत, बँकेतून द्या. त्यानं तोंड फिरवलं की वाट न बघता ४९ चा अर्ज, त्याला पेरणीच्या आधीचे महिने बरे, उभ्या पिकात चर काढायला कुणीच राजी होत नाही.