निघालेला माल कोणाचा? कोकणातलं घर 'इको-लॉज' करताना आलेला अनुभव

कोकणातलं जुनं घर 'इको-लॉज' करून देतो म्हणणारे सल्लागार हल्ली बरेच झालेत. त्यांतल्या एकाने आम्हा भावंडांना कसं गंडवलं ते लिहितोय. नाव देत नाही, प्रकरण चालू आहे.

घर मालवण तालुक्यातलं. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, सागाचे खांब, फणसाच्या तुळया, ओटीला कोरीव चौकट. म्हणजे खरं तर वीज वाचवणारंच घर. जाड भिंती, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, ऊन अंगावर घेणारी पडवी. सल्लागार आला तो तापमान मोजायची बंदूक घेऊन. भर दुपारी ती उन्हातल्या कौलांवर रोखली आणि आकडा दाखवून म्हणाला, "एसीचं बिल परवडणार नाही तुम्हाला." माजघरात काही त्याने ती चालवली नाही.

मग वाळवी. पडवीतल्या एका खांबाच्या बुडाशी ती खरोखर होती. तेवढ्यावर त्याने अख्खं लाकूडकाम बाद ठरवलं. गावातल्या सुतारकाकांनी हातोडीने एकेक खांब ठोकून पाहिला होता. "खांब खणखणीत आसत, पोकळ आवाज खय येता?" असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पक्क्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, ती खाते बाहेरचं पांढरं लाकूड. शिवाय उभ्या घरात भोकं पाडून औषध भरता येतं. पण "काकांना नवीन ट्रीटमेंट माहीत नाही" म्हणून खांब, तुळया आणि चौकट टेम्पोत चढली. ट्रीटमेंटसाठी कोल्हापूरला.

ती परत आली नाहीत. जागेवर लोखंडी पाइप उभे राहिले, वरून लाकडासारखा दिसणारा पत्रा. आम्ही लाकडाचा हिशोब मागितला तेव्हा त्याने करारातलं वाक्य दाखवलं: 'कामात निघालेला माल व राडारोडा ठेकेदाराने स्वखर्चाने हलवावा.' त्याच्या मते हलवलेला माल त्याचा. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं आणि कोरीव चौकटीला मुंबईत हौशी गिऱ्हाईक मिळतं. माझ्या मते आमचं लाकूड हाच त्याचा मूळ धंदा होता, बाकी इको वगैरे वरचा मुलामा.

त्यामुळे तुम्ही करणार असाल तर एकही वासा हलण्याआधी प्रत्येक लाकडावर रंगाने नंबर घाला, लांबी-जाडी लिहून फोटो काढा आणि 'निघालेलं लाकूड, कौलं, चिरे, दारं मालकाची' हे करारात स्पष्ट लिहून घ्या. लाकूड बाहेर जाणार असेल तर गाडी नंबरासह पावती घ्या.

भिंतींचंही तेच. बिलात चुन्याचा गिलावा, प्रत्यक्षात सिमेंट. चुना भिजत घालावा लागतो आणि घट्ट व्हायला कित्येक आठवडे घेतो. आमचा गिलावा दोनच दिवसांत दगड झाला. सिमेंटमुळे जांभ्यातली ओल आतच कोंडते, आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरले.

सोलरची गंमत वेगळी. छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आहे, तिचं ७८,००० रुपये अनुदान मिळवून देतो म्हणून त्याने आगाऊ फी घेतली. ती योजना राहत्या घरांसाठी आहे, व्यावसायिक लॉजसाठी नाही, आणि पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. वर एक 'ग्रीन सर्टिफिकेट' फ्रेम करून दिलं, ते त्याच्याच कंपनीचं! पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं 'गृह' किंवा आयजीबीसीचं रेटिंग हवं असेल तर प्रकल्पाची नोंदणी तिथे करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संस्थेलाच विचारून खात्री करा.

पोलीस ठाण्यात आधी 'हा दिवाणी वाद आहे' असं ऐकवलं. वकिलांनी भारतीय न्याय संहितेतली ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) ही कलमं घालून लेखी अर्ज दिला, मग तो घेतला गेला. ग्राहक आयोगात समोरच्याचा पहिला मुद्दा होता की लॉज म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी सवलत आहे, तिच्यावर आमचा भर आहे. दादा गावी राहून लॉज स्वतः चालवणार, याचे कागद त्यासाठी लावले. तक्रारीची मुदत दोन वर्षं असते, आणि 'माल येतोय, येतोय' म्हणत समोरचा नेमकी तीच खात असतो.