फॅमिलीसर्च : नेब्रास्कातले खापरपणजोबा शोधायला वापरलेली साइट (5 पैकी साडेचार)

माझा नवरा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा. त्याचे खापरपणजोबा जर्मनीहून आले आणि तिथे शेती केली, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंकडे बायबलच्या पहिल्या पानावर सहा मुलांची नावं लिहिलेली आहेत, बस. पुढचं सगळं फॅमिलीसर्चवर मिळालं, आणि तेही एक डॉलर न देता. लॉगिन करावं लागतं पण ते फुकट आहे. साइट मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची आहे, 1938 पासून ते लोक जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म करतायत, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यात आहेत.

सुरुवात 1900 च्या जनगणनेपासून करा असं मी सगळ्यांना सांगेन कारण त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, अमेरिकेत कधी आले हे सगळं आहे, आणि बायकांसाठी दोन वेगळे रकाने आहेत, किती मुलं झाली आणि त्यातली हयात किती. आमच्या खापरपणजीपुढे लिहिलंय 9 आणि 6. सासूबाई ते दोन आकडे बघून कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत, त्यांना ही तीन मुलं माहीतच नव्हती!

मग मागे जायचं तर 1890 ची जनगणना जवळपास सगळी गेलेली, 1921 मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात. पण नेब्रास्कात 1885 ला एक जादा गणना झाली होती आणि तिच्यासोबत आधीच्या 12 महिन्यांत वारलेल्यांची वेगळी यादी असते. 1880 च्या जनगणनेत तीन वर्षांची असलेली एक मुलगी त्या यादीत सापडली, वय 7, जानेवारी, घटसर्प. बाकीची दोघं अजून शोधतेय.

नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. गणना करणारा कानाला ऐकू येईल तसं लिहायचा, म्हणून आडनावात खात्री नसलेल्या अक्षरांच्या जागी * ही खूण टाकून शोधा, मस्त चालतं. आणि टाइप केलेल्या माहितीवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा, वरखालची घरं वाचा. आमच्याकडे दोन घरं सोडून खापरपणजीचा भाऊ राहत होता, ते असंच कळलं.

आता नवीन फुल टेक्स्ट सर्च आलंय, त्यात हाताने लिहिलेली मृत्युपत्रं आणि खरेदीखतं आतल्या मजकुरावरून शोधता येतात. ज्याचं नाव कुठल्याच इंडेक्समध्ये नाही असा माणूस दुसऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून निघतो. माझ्या मते साइटची सगळ्यात भारी गोष्ट हीच.

अर्धा मार्क कापला तो सगळ्यांच्या मिळून असलेल्या फॅमिली ट्रीसाठी. तिथे कोणीही काहीही बदलू शकतं, म्हणून पुरावा जोडलेला नसेल तर त्यातली नाती खरी धरू नका. तुमचं तुम्ही वेगळं लिहून ठेवा. शिवाय काही फोटो घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरला नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या लायब्ररीत जावं लागतं. जवळची लायब्ररी यादीत आहे का बघून घ्या, बरेचदा असते.

जमिनीसाठी मात्र सरकारी लँड ऑफिसची साइट वापरा, तीपण फुकट. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसली तर. तिथे पट्ट्याचा नंबर घ्या आणि नॅशनल अर्काइव्हज म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्याकडून पूर्ण फाइल मागवा. त्यात घर केवढं, किती एकर नांगरलं, घरात कोण कोण, हे सगळं शेजाऱ्यांच्या साक्षीसकट असतं. आमची फाइल मागवलीय, सासूबाई रोज पोस्टाचा डबा बघतायत.