नागपूरचा उन्हाळा आणि टर्बो पेट्रोल गाडी: अकरा महिने, 13,400 किलोमीटर
मागच्या दसऱ्याला एक लिटर इंजिनची टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारी) पेट्रोल गाडी घेतली, मॅन्युअल गिअरची. रोजचं नागपुरातलं फिरणं आणि महिन्यातून दोन-तीनदा अमरावती. सीट, डिकी, म्युझिक सिस्टीम यांवर सगळेच लिहितात. मी फक्त इंजिन आणि उष्णता यावर लिहितोय, कारण विदर्भात गाडी घेताना हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

डिसेंबरात पहाटे 11 अंशांत निघालो की गाडी नुसती पळायची. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चौघं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरवर आरामात. एप्रिल संपत आला तशी तीच गाडी जड वाटू लागली. मे महिन्यात एकदा नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो. बाहेर पडल्या पडल्या ट्रकला ओव्हरटेक करायला अॅक्सिलरेटर दाबला आणि हवा तो जोर आलाच नाही. समोरून बस येत होती. वेळेत मागे आलो, पण घरचे सोबत होते, तो क्षण अजून विसरलेलो नाही.

सर्व्हिस सेंटरने थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून बिल हातात दिलं. फरक काही पडला नाही. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणला, स्टिअरिंगखाली खोचला आणि मोबाईलवर आकडे बघत बसलो.

बाहेर 44 अंश, पण इंजिनात शिरणारी हवा सिग्नलवर उभं असताना 72! बॉनेटखालची धग सगळी तिथेच कोंडलेली असते. गाडी हलली की आकडा उतरायला लागतो: 72, 68, 63. साठच्या वेगाने दोन-अडीच मिनिटं चाललं की 56 च्या आसपास थांबतो, आणि अॅक्सिलरेटरचा प्रतिसाद बदललेला पायाला कळतो. म्हणजे वाडीत मी नेमका सर्वात वाईट क्षणी ओव्हरटेकला गेलो होतो.

गरम हवा विरळ असते. दाब तोच असेल तर 10 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांच्या हवेत ऑक्सिजन साधारण 11 टक्के कमी. टर्बोने दाबल्यावर ती हवा आणखी तापते. इंटरकूलर, म्हणजे त्या हवेचा रेडिएटर, ती थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड कशी करणार? त्यातून नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो. पूर्ण जोर मागितल्यावर मेमध्ये स्पार्कचं टायमिंग नुसतं 9 अंश दिसायचं (हे अंश तापमानाचे नाहीत; आकडा जितका कमी तितका स्पार्क उशिरा). माझ्या मते खरा जोर इथेच जातो, नुसत्या विरळ हवेने नाही.

खात्रीसाठी रविवारी बुटीबोरीच्या रिकाम्या एमआयडीसी रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 वरून 80 चा वेग गाठायला किती वेळ लागतो ते मोजलं. जानेवारीत मोजलं होतं तेव्हा एसी बंद ठेवून 6.8 सेकंद. मेमध्ये एसी बंद ठेवून 7.5, एसी लावून 8.1. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या बाजूला असताना तो फार मोठा असतो.

मायलेजचं गणित मात्र सरळ नाही. मेमध्ये शहरात 10.9 पडलं, त्यात एसीचा वाटा मोठा. पण थंडीतही सकाळी शाळेपर्यंतच्या तीन किलोमीटरला गाडी भरपूर पिते, कारण इंजिन गार असेपर्यंत पेट्रोल जास्त सोडलं जातं. हायवेवर जानेवारीत 18.6, मेमध्ये एसीसकट 17.7.

95 ऑक्टेनच्या (नॉकिंग कमी होणाऱ्या) पेट्रोलच्या दोन टाक्या मे अखेरच्या नवतपात भरून पाहिल्या. टायमिंग दोन अंशांनी सुधारलं, घाटात थोडं जाणवलं. शहरासाठी तेवढे पैसे घालू नका. थंड हवेच्या नावाखाली विकतात तो उघडा फिल्टर तर अजिबात लावू नका, तो बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. त्यापेक्षा एअर फिल्टर लवकर बदला. माझा 7,000 किलोमीटरलाच धुळीने काळा झाला होता.

आता उन्हाळ्यात ट्रॅफिकमधून सुटल्यावर हवेचा आकडा साठ अंशांच्या खाली येईपर्यंत ओव्हरटेक करत नाही. गरज पडलीच तर एक गिअर खाली घेतो आणि तेवढ्यापुरता एसी बंद करतो. गाडीत दोष नव्हता, आज पुन्हा घ्यायची झाली तरी हीच घेईन.

गेल्या आठवड्यात पाऊस थांबल्यावर अमरावतीला गेलो. बाहेर 27 अंश, इंजिनात शिरणारी हवा 39. तेच चौघं, तेच सामान, आणि घाट पुन्हा तिसऱ्या गिअरवर.