घड्याळ ठणठणीत, वायर गेली! (बजेट स्मार्टवॉच, सात-आठ महिन्यांनंतर)

अमोलेड स्क्रीन, ब्लूटूथ कॉलिंग, आयपी६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) वगैरे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. दोन हजारांच्या आतलं घड्याळ. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतेय, कारण या किमतीतलं कुठलंही घड्याळ उलटं केलंत तर पाठीवर बहुधा तशाच दोन सोनेरी टिकल्या दिसतील. मला बोलायचंय ते त्या टिकल्यांबद्दल आणि त्यांना चिकटणाऱ्या चार्जिंगच्या वायरीबद्दल.

वायर जेमतेम दोन वीत. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला चुंबक. आमच्याकडे प्लग दिव्याच्या बटणांशेजारी, छातीच्या उंचीवर. म्हणजे वायर लोंबणार आणि तिच्या टोकाला घड्याळ लटकणार. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टँकरचा मेसेज टाकला की घड्याळ थरथरतं, थरथरलं की चुंबकावरून सरकतं. सकाळी बघावं तर अकरा टक्के. पडून फुटलं नाही, हे खालच्या गादीचे उपकार. त्या वायरीपायी शेवटी एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्याचे पैसे घड्याळाच्या किमतीत धरायला हवेत, मी धरलेत.

दुसरी गंमत घामाची. डोंबिवली ते सीएसएमटी, मे महिना, लेडीज डब्यात दाराजवळ उभं राहून. टिकल्यांवर हिरवट काळा थर बसतो आणि चार्जिंग होता होत नाही. मुलाच्या कंपासमधला खोडरबर हलक्या हाताने फिरवला की टिकल्या पुन्हा लख्ख. (आयपी६८ आहे म्हणून साबणाखाली धरू नका. ती चाचणी साध्या पाण्याची असते, घामाची, साबणाची किंवा गिझरच्या गरम पाण्याची नाही.)

पावलांचं तर विचारूच नका. मनगट हललं की आत पाऊल पडतं. पोळ्या लाटताना माझी शेदीडशे पावलं सहज होतात. उलट मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरले, तर आकडा जागचा हलला नाही, कारण हात दांड्यावर स्थिर. रोजच्या दहा हजार पावलांचं जे लक्ष्य असतं ना, तेही कुणा डॉक्टरांनी काढलेलं नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावातले दहा हजार जगभर पसरले. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, पैसे वाया घालवू नका.

मत फिरलं ते गजरामुळे. मला पहाटे पाचला उठावं लागतं. फोनचा गजर झाला की आधी सासूबाई जाग्या होतात, मग मुलगा, आणि मी शेवटी. आता मनगटावर दोनदा गुरगुर होते, मी उठते, बाकी घर झोपलेलं. एवढ्यासाठीसुद्धा दोन हजार दिले असते. दुसरं म्हणजे गर्दीत पर्समधून फोन काढावा लागत नाही. शाळेचा फोन आहे की क्रेडिट कार्डवाल्यांचा, ते मनगटावरच कळतं. हृदयाचे ठोके पट्टा सैल असला की काहीही दाखवतात. घट्ट बांधून शांत बसलं तर डॉक्टरांकडच्या आकड्याच्या जवळपास येतात. त्यापलीकडे माझी अपेक्षाही नाही.

सगळं सुरळीत चाललेलं असताना वायरीने मान टाकली. चुंबकापाशी रबर चिरलं आणि आतली तार दिसायला लागली. घड्याळाला वर्षाची वॉरंटी, वायरीला सहा महिन्यांची. कंपनीच्या साइटवर ‘आऊट ऑफ स्टॉक’. सर्व्हिस सेंटरला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, घड्याळ जमा करा, दहा-बारा दिवसांत कळवू.” अरे बाबा, घड्याळ चांगलं आहे, वायर हवीय! तो म्हणाला, सिस्टीममध्ये नुसत्या वायरीची नोंद होत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे गेली आणि कंपनीचं उत्तर आलं, जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या. तिथूनच तर येत होते मी.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅब, हेडफोनना टाइप-सी सक्तीचं झालं. वाचून बरं वाटलं, मग कळलं की त्या यादीत स्मार्टवॉच नाहीतच. म्हणजे तिकडेही घरटी एक ड्रॉवर असल्या वायरींनी भरलेला असणार.

अखेर स्टेशनबाहेरच्या मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने घड्याळ उलटं केलं, दोन टिकल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं आणि म्हणाला, “ताई, ही चार एमएमवाली. दुसरी येते ती २.८४ ची, ती हिला नाही बसणार.” सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी हे मोजलंही नव्हतं. त्याने खोक्यातून एक वायर काढली, टोक जवळ नेलं तर घड्याळ दूर पळालं. चुंबकाची बाजू उलटी. दुसरी काढली, ती टक्कन बसली आणि स्क्रीनवर बॅटरीचं चित्र आलं. दीडशे सांगितले, शंभरला दिली. दोन घेतल्या, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. ही वायर मूळच्या वायरीपेक्षा हातभर लांब आहे! एक मात्र सांगते, चार्जिंग झालं की ती प्लगमधून काढून ठेवा. टोकाच्या पिना उघड्या असतात आणि चुंबकाला शेजारची सेफ्टीपिन लगेच चिकटते, मग दोन्ही पिना जोडल्या जाऊन वायर तापते.

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला, मनगटावरच घेतला. वायर आलीय म्हणे, तीनशे नव्व्याण्णव अधिक कुरियर. म्हटलं, राहू दे तुमच्याकडेच, पुढच्या कुणाला तरी लागेल.